नळातून न आलेलं पाणी

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या आमच्या बंदरात इंगेब्रिक्तकाका नाकावर माशी बसू देत नसत. पस्तीस हिवाळे सगळ्यांच्या बोटींची इंजिनं त्यांनीच सांभाळली. बोट धक्क्याला लागली की इंजिनात राहिलेलं समुद्राचं पाणी संध्याकाळीच सोडून द्यावं लागतं, नाहीतर ते गोठतं आणि बिडाचं इंजिन तडकतं. हे काम ते कुणाला करू देत नसत. त्यांची मुलगी बोर्गहिल्ड, तिचा नवरा अर्विद, त्यालाही नाही. "तुझे हात माशांना लाव," म्हणायचे. मला तो तोरा मुळीच आवडत नसे, पण काम चोख, बोलणार काय?

आणि नियमही त्यांचाच. इंजिनाच्या तळाचा नळ उघडून थेंब आला नाही तरी इंजिन रिकामं समजायचं नाही. भोकात गंज अडकतो, तार घालून बघायची.

त्या जानेवारीत पारा उणे चोवीसवर गेला. काकांची बोटं बधिर झाली होती, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. अर्विदच्या बोटीवर त्यांनी नळ उघडला, थेंब आला नाही. जावयानेच आगाऊपणा करून पाणी सोडलंय असं त्यांनी धरलं. मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या आणि तार खिशातच ठेवून घरी गेले. हे सगळं नंतर त्यांनीच सांगितलं.

सकाळी अर्विद एकटाच जाळी उचलायला गेला. नऊच्या सुमाराला काका माझ्याकडे कॉफीला आले. धक्क्यावरचा रेडिओ माझ्या ताब्यात असतो. जावयाला चार शब्द सुनवायचे म्हणून त्यांनी माईक घेतला आणि काल मला न विचारता पाणी का सोडलंस, असं दरडावून विचारलं. अर्विद म्हणाला, मी नळाला हातही लावला नाही.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे भोकात गंज अडकला होता आणि पाणी रात्रभर आतच गोठलं होतं. तडकलेलं इंजिन सकाळी गुमान सुरू होतं, हीच तर भीती. भेगेत बर्फ असतो तोवर ती मिटलेली राहते. इंजिन तापून बर्फ वितळेपर्यंत माणूस पार बाहेर गेलेला असतो.

"तेल मोजायची काडी काढून बघ," काका म्हणाले. "रंग कसा आहे?"

बराच वेळ नुसती खरखर. मग अर्विदचा आवाज आला. "दूध घातल्यासारखा."

तेलात पाणी शिरलं होतं. माघारी फिर, काका म्हणाले. पण दहा मिनिटांत इंजिन बंदच पडलं. वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता, नांगर धरत नव्हता. मी बाकीच्या बोटींना हाका मारत सुटले. सगळ्यात जवळची बोट तासाभराच्या अंतरावर होती. खडक अर्ध्या तासावर.

"चूक माझी आहे, पोरा," काका म्हणाले. सगळं बंदर ऐकत होतं. हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं मनात धरलेला त्यांच्यावरचा राग कुठे गेला कोण जाणे, मला रडू फुटलं.

"ते राहू द्या, मामा," अर्विद म्हणाला. "बोर्गहिल्डला एवढ्यात काही सांगू नका."

बोर्गहिल्ड दारातच उभी होती. घरचा रेडिओ ऐकून डोक्याला काही न बांधता धावत आली होती. तिने बापाच्या हातातून माईक काढून घेतला.

"मी आहे इथे," ती म्हणाली. "तू बोलत राहा."