ठाण्यात जमा असलेली बंदूक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली हे सांगताना मी अडखळतो. एक प्रकरण मात्र मिसळत नाही. खंडेनवमीच्या सकाळी ठाण्याच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने मला एक प्रश्न विचारला होता. तो आठवला की आजही हातातलं काम थांबतं.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी तासगावच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. तो मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की सांगली संस्थानची हद्द लागायची. बंदुकीचा इकडचा परवाना तिकडे चालत नसे आणि तिकडचा इकडे. चोरांना हे आमच्याआधी पाठ झालेलं होतं.

नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्याची ही हकिकत आहे तो पलटणीत नाईक होता, म्हणून गावातही त्याला नाईकच म्हणत. तो पलटणीतून घरी आला तेव्हा बाप वारून चार-सहा महिने झाले होते. बापाकडे पीकसंरक्षणासाठी दुनळी बंदूक होती. तिचा परवानाही होता, पण फक्त स्वतःच्या शिवारापुरता. नाईकाने तलाठ्याकडे जाऊन जमिनीची वारसनोंद करून घेतली. मग बाजाराच्या दिवशी, भर गर्दीतून, बंदूक खांद्यावर टाकून तो आईसह ठाण्यात आला.

"हिच्यावर माजं नाव घाला," तो म्हणाला.

"कुणाच्या परवानगीने घेऊन फिरतोयस?"

"वारसनोंद झालीया की, सायेब. इहीर, बैलं, बंदूक, समदं आलं त्यात."

"बंदुकीला वारस लागत नाही. परवाना माणसाबरोबर संपतो."

त्याने आईकडे पाहिलं. "आईकलंस का? बानं जाताना परवाना बी संगं न्हेला."

ओट्यावरचे शिपाई हसले, मलाही हसू आलं. खरं तर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा तिथेच होत होता. पण माणूस सरळ होता, लपवायचं असतं तर बाजारातून मिरवत आला नसता. मी बंदूक जमा करून घेतली, पावती दिली आणि नव्या परवान्याचा रस्ता सांगितला. अर्ज मामलेदार कचेरीत द्यायचा. त्याला जमिनीचा उतारा, पोलीसपाटलाचा दाखला आणि पलटणीतून सुटल्याचे कागद जोडायचे. तिथून प्रांत, प्रांताकडून साताऱ्याला कलेक्टर कचेरी. मग चौकशीसाठी अर्ज परत माझ्याकडे आणि पुन्हा वर.

"मिसरात मशीनगन चालीवली," नाईक म्हणाला, "तवा कुनी उतारा मागितला न्हाई."

म्हातारीने तेवढ्यात पदरातून एक जुनी मळकट पट्टी काढली होती. नवऱ्याच्या मुंडाशाची. तिचे दोन बोळे करडईच्या तेलात बुडवून आणले होते. एकेका नळीच्या तोंडात तिने ते घट्ट बसवले आणि चापाभोवती तांबडा दोरा गुंडाळला.

"आजे, लगीन लावून द्याया लागलीस जनू," एक शिपाई म्हणाला.

"त्येंनी हिला कवा कोरडी ठिवली न्हाई," ती म्हणाली. "तुमच्यात कोन बगनार हाय?"

ठाण्याचा जमादार हसत म्हणाला, "मी हाय की." त्याने बंदूक मालखान्यात नेऊन ठेवली. जप्त केलेल्या आणि जमा झालेल्या वस्तूंची ती कुलूपबंद खोली. किल्ली त्याच्या कमरेला असायची. दर आठवड्याला आतला प्रत्येक नग मी स्वतः पाहून मालखान्याच्या वहीत सही करायची, असा नियम होता. मी दारात उभा राहायचो. जमादार आतून एकेक नाव वाचायचा. मी सही करायचो.

नाईक साताऱ्याला आगगाडीने दोनदा जाऊन आला. हरणांनी त्याची ज्वारी खाल्ली. माझा चौकशी अहवाल मी चांगला लिहिला होता. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे मी जे केलं ते त्याला ओळखत नव्हतो म्हणून केलं, असं मला म्हणता येत नाही.

पाऊस ओसरल्यावर ओढ्याकाठी माण भागाकडचा एक धनगर मेंढरं घेऊन उतरला होता. एके दिवशी उन्हं कलताना बाजरीतून दोन बार झाले आणि छर्रे त्याच्या गुडघ्यात घुसले. आम्ही गेलो तेव्हा तो घोंगड्यावर पडून होता. मेंढरं भोवती गोळा झाली होती.

"कोण होतं?"

"मानसं हुती. तोंडं न्हाई दिसली. हसत हुती. एकाच्या डोक्यावर सायबाची टोपी हुती. मी वराडलो तवा पळाली."

पंचनाम्यात बारा बोअरच्या काडतुसांच्या दोन रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. त्या टापूत अशा परवान्याच्या बंदुका मोजक्याच होत्या. सगळ्यांचे मालक त्या दिवशी कुठे होते ते जुळत होतं. मग जमादाराने खबर आणली. खबऱ्याचं नाव सांगता येत नाही म्हणाला, पण माणूस पक्का आहे. धनगराची मेंढरं नाईकाच्या ज्वारीत शिरली होती, नाईकाने त्याला धमकी दिली होती, आणि नाईकाने पलटणीतून येताना आणखी एक बंदूक चोरून आणली आहे.

मेंढरांचं भांडण खरं निघालं. टोपीही फौजी माणसाकडे असतेच, असं मी स्वतःला समजावलं. आणि मनात हिशेब मांडला, जो तेव्हा मला फार पक्का वाटला. नाईकाची बंदूक ठाण्यात जमा आहे. बार तर झाले. म्हणजे त्याच्याकडे दुसरी आहे.

मी त्याला अटक केली. घर खणलं, कणगी उलटी केली, गोठ्यातली जमीन उकरली. काही नाही. मॅजिस्ट्रेटकडून पोलीस कोठडी घेतली आणि चौकशी सुरू केली.

"दुसरी बंदूक कुठे आहे?"

"सायेब, पैलीच मिळंना. दुसरी कुठनं आनू?"

"धमकी दिली होतीस ना?"

"दिली की. मेंढरं शिरल्यावर काय ओवाळू? पर मानसावर बार काढायला मी पलटन सोडून घरी आलोय व्हय? लय बगितलं त्ये तिकडं."

दोन दिवस त्याचं हेच उत्तर होतं. वरून साहेबांची विचारणा आली होती. भूमिगतांच्या दिवसांत त्या भागातली प्रत्येक बंदूक वरच्यांना धडकी भरवायची. तिसऱ्या दिवशी जमादार म्हणाला, "साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा." मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. पुष्कळ वर्षं मी हे वाक्य स्वतःला सांगत आलो. दार कुणी ओढलं, हे मात्र कधी सांगत नव्हतो.

खंडेनवमी आली. ठाण्यातही शस्त्रपूजा असते. आमच्या बंदुका, संगिनी, काठ्या ओट्यावर चादर अंथरून मांडल्या होत्या. जमादार नारळ घेऊन उभा होता. तेवढ्यात फाटकातून म्हातारी आली. हातात तांब्या, पितळी ताटलीत हळदकुंकू, पदरात झेंडूची फुलं.

"आज भेट मिळणार नाही, आजी," मी म्हणालो.

"भेटाया न्हाई आलो. आमच्यात बंदुकीची पूजा चुकत न्हाई. आवं, पोरगं बी हितं, बंदूक बी हितं, मग पूजा बी हितंच की."

जमादार पुढे झाला. "सरकारी मालखाना हाय म्हातारे, देवघर न्हाई. चल, नीघ."

त्याच्या आवाजातली घाई मला तेव्हा कळली नाही. सणाच्या दिवशी म्हातारीला रिकाम्या हाती घालवणं बरं वाटेना, एवढंच. मी म्हणालो, "किल्ली दे." त्याने नारळ खाली ठेवला, किल्ली काढायला वेळ लावला. मी एका शिपायाला आत पाठवलं. बंदूक आली. म्हातारीने ती मांडीवर घेतली, जशी लेकरू घेतात तशी, आणि बोटं चापावरून फिरवली. दोरा नव्हता. मग नळीच्या तोंडाशी बोट नेलं. बोळा नव्हता. तिने करंगळी आत घातली, बाहेर काढली. करंगळी काळी झाली होती.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. ते काळं बोट माझ्यापुढे धरून तिने विचारलं, "हिचा बार कुनी काडला?"

मी बंदूक तिच्याकडून घेऊन बिजागरीवर मोडून उघडली आणि नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. दोन्ही नळ्या काजळीने भरलेल्या होत्या. जळक्या दारूचा वास नाकात शिरला. सबंध तालुक्यात जी बंदूक मी धुंडाळत होतो, ती माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीपलीकडे होती. आणि जमादार चादरीजवळ खाली बसला होता, गुडघ्यात मान घालून.

त्याला फार विचारावं लागलं नाही. संस्थानातला हळदीचा एक व्यापारी त्याचा दोस्त होता. त्याच्याकडे पाहुणे आले होते, हरणाची शिकार हवी होती, आणि हरणं ओढ्याच्या अलीकडे. व्यापाऱ्याची स्वतःची बंदूक होती, पण परवाना संस्थानचा. अलीकडे आणली तर गुन्हा.

"कायदा मोडू नये म्हणून हद्दीतलीच दिली, साहेब," जमादार म्हणाला, आणि तो ते खरंच मनापासून म्हणत होता. "दिवस मावळायला परत आणून ठेवली. आत कोण बघतंय?"

"आणि त्या पोराला तू मारलंस. तुला ठाऊक असताना."

त्याने मान वर केली. "तुम्ही दार ओढून बाहेर गेलात. मला वाटलं, तुम्हाला तेच हवंय."

नोकरीत मी खून पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. पण त्या एका वाक्याने जसा गारठलो, तसा कधी गारठलो नाही. कारण त्यात खोटं काही नव्हतं.

कोठडीचं कुलूप मी स्वतः काढलं. नाईक भिंतीला धरून उठला. मी काय बोललो ते त्याला नीट ऐकू गेलं नाही. त्याने दुसरा कान पुढे केला. डाव्या कानाने त्याला पुढे कधीच धड ऐकू आलं नाही.

जमादाराला शिक्षा झाली. व्यापाऱ्याचे कागद ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर जात-येत राहिले आणि शेवटी तो किरकोळ दंडावर सुटला. धनगर जगला, पण मेंढरांमागे चालणं त्याचं संपलं. मी वर अहवाल पाठवला. त्यात जमादाराने विश्वासघात केला असं लिहिलं. मी मालखान्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता सह्या करत होतो, हे लिहिलं नाही. दाराचंही लिहिलं नाही. स्वतःच्या ठाण्यातला गुन्हा निर्भीडपणे उघड केल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात शाबासकीची नोंद झाली. ती नोंद आजही तिथे आहे.

या प्रकरणाने काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना मालखान्याचा नियम सांगतो. पण खरं सांगायचं तर त्याहून अवघड गोष्ट अशी की माणूस लबाड नसतानाही लबाडीला जागा करून देऊ शकतो. नुसतं दारात उभं राहिलं तरी पुरतं, किंवा दार ओढून घेतलं तरी.

त्या हिवाळ्यात नाईकाचा परवाना मंजूर होऊन आला. मी निरोप धाडला. तो एकटाच आला. मी बंदूक साफ करून, तेल देऊन ठेवली होती, मालखान्याची वही सहीसाठी उघडून ठेवली होती. बंदूक दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. माफीचे शब्द मी रात्रभर जुळवले होते. ते त्याच्या कुठल्या कानाशी बोलावेत, इतकंही मला सुचेना.

त्याने बंदूक घेतली, उघडली आणि नळ्या उजेडाकडे करून माझ्या डोळ्यांसमोर धरल्या.

"बगा," तो म्हणाला.

मी पाहिलं. दोन नळ्या, आणि टोकाला उजेडाची दोन वर्तुळं. तो हात खाली घेईना. मी दुसऱ्यांदा पाहिलं, सावकाश.

"बगितलं?"

"बघितलं."

"मग करा आता सही."