ब्रशच्या डब्यातली चिठ्ठी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. सुमनपाशी तर नाहीच. आम्हा नवराबायकोचं मस्त चाललंय, संध्याकाळचा चहा अजून भांडतभांडत पितो — मग हे कशाला उकरून काढायचं? पण काढतोय.

पेणला रामवाडीत आमचा गणपतींचा कारखाना. रंग मी देतो, डोळे सुमन काढते. आखणी म्हणतात त्याला. मी एकदा करून पाहिली होती — तो गणपती इतका घाबरलेला दिसत होता की कारखान्यातल्या पोरी अजून हसतात.

नव्वद सालानंतरची गोष्ट. गणपतीला दीड महिना उरला होता आणि सुमनच्या उजव्या काखेत बोराएवढी गाठ आली. हात उचलला की दुखायची. आणि आखणी होते हात उचलूनच. डॉक्टरांकडे नेलं. ती पडद्याआड ब्लाउज घालत होती, तेवढ्यात त्यांनी मला हळूच सांगितलं, सोनोग्राफीसाठी चिठ्ठी लिहून दिली. तेव्हा बाईचं दुखणं आधी नवऱ्याला सांगत.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय म्हनलं डॉक्टर?"

उष्णतेची गाठ आहे, म्हणालो. गणपती झाले की रोह्याला सोनोग्राफी करू.

चिठ्ठी ब्रशच्या डब्यात गेली, तळाशी. शेड भरून मूर्ती बिनडोळ्यांच्या बसल्या होत्या ना! सुमन पालथ्या डब्यावर कोपर टेकवून आखायची. कळ आली की थांबायची, पुन्हा ब्रश उचलायची. मी बघत होतो. कॅन्सर हा शब्द माझ्या मनात आला नसेल, असं वाटतं तुम्हाला?

शेवटची मूर्ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही रोह्याला. तिथे चिठ्ठी मागितली. हरवली, म्हणालो — चिठ्ठीवर तारीख होती. सोनोग्राफी झाली, मग सुईने तपासणी. गाठ टीबीची निघाली. महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या, गाठ विरली. रिपोर्ट कळला तेव्हा मी एसटी स्टँडवर ढसाढसा रडलो. तिला वाटलं, केवढा जीव आहे ह्यांचा! जीव होताच. पण रडू त्याचं नव्हतं.

आजही ती आखायला बसते, हात सहज वर जातो. बघून बरं वाटतं, फार बरं वाटतं. कामावरच्या बायकांना ती सांगते, "गणपती गेलं तसं ह्यांनी मला रोह्याला नेलं गो. एक दिवस नाय दवडला."

मी रंग ढवळत राहतो.

डॉक्टर म्हणाले होते, याच आठवड्यात न्या. मला नीट ऐकू आलं होतं.