मारिसेलची चित्रं आणि आपलं मखर

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे.

माझी फिलिपिनो मैत्रीण मारिसेल पूर्णवेळ चित्रकार आहे. तांदळाची जुनी पोती जोडून ती त्यांवर मनिलाच्या कोळणी रंगवते. आज इथे जपानात, कावासाकीत तिचं प्रदर्शन सुरू झालं.

आपल्या मंडळाचे जोशीकाका आले, दोन मिनिटांत सगळं बघून तिला इंग्रजीत म्हणाले, "छान! आमच्या गणपतीच्या मखरामागे डोंगर काढून द्याल?"

मी भडकले. "काका, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. तुम्हाला कोणी प्रिंटर दुरुस्त करायला बोलावलं तर चालेल?"

काकांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. ग्रुपवर मीच टाकलेलं आमंत्रण: "माझी मैत्रीण हौसेने चित्रं काढते, जरूर या."

आता सांगा, मारिसेलची माफी आधी कोणी मागायची?