शून्याखालची नदी

त्याला सगळे फूटपट्टी म्हणायचे. बायको होती तोवर तीही म्हणायची, आणि लाडानं मुळीच नव्हे. अहो, एकतीस वर्षं सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला नदीच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात उभ्या केलेल्या लोखंडी पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, ही ज्याची नोकरी, त्याला दुसरं काय म्हणणार? पोरीच्या लग्नाच्या जेवणावरूनसुद्धा हा गृहस्थ पावणेसहाला उठून गेला होता. बायकोनं त्यानंतर महिनाभर त्याच्याशी धड बोलणं टाकलं.

नदी म्हणाल तर नावाला. दरी एवढी रुंद की पलीकडच्या कड्याखालचा माणूस मुंगीएवढा दिसावा, आणि तळाशी नदी ही एवढीशी, थोरल्याचा सदरा धाकट्यानं घालावा तशी. फूटपट्टीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दरीचा अभ्यास करायला आलेल्या भूगर्भवाल्या बाई त्याच्या शेजारी येऊन बसल्या, तेव्हा पहिल्यांदा कोडं पडलं.

"काका, दरीची वळणं बघा," बाई म्हणाल्या. "एकेक वळण केवढं मोठं! ही नदी असली वळणं कोरू शकेल का? ही कोरली दुसरीनं, दांडग्या नदीनं. मग डोंगरापलीकडची नदी आपला उगम मागे मागे कोरत आली आणि एक दिवस हिचं वरचं सगळं पाणी तिनं ओढून घेतलं. दरी तेवढीच राहिली, पाणी मात्र ओढ्याएवढं."

"म्हणजे दिवसाढवळ्या चोरी की हो!"

"चोरीच. फक्त हजारो वर्षं चालली होती." बाई हसल्या आणि त्याची वही चाळू लागल्या. मग हसू मावळलं. "काका, भर उन्हाळ्यात चाळीस सेंटिमीटर? दरवर्षी? मी वरून चालत आले. घोटासुद्धा भिजत नाही."

फूटपट्टीनं मोठ्या अभिमानानं पट्टीच्या खालच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं नदीच्या आडवी वाळूच्या पोत्यांची रांग होती. उन्हाळ्यात पाणी पट्टीच्या शून्याखाली उतरायचं, आणि वहीत शून्याखाली लिहायला रकानाच नव्हता. आधीच्या मोजणाऱ्यानं त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं की कोरडी पट्टी लिहिलीस तर हे मोजणीचं ठाणं बंद करतील आणि तूही घरी बसशील. तेव्हापासून हा दर उन्हाळ्यात पोती टाकायचा, पाणी तुंबून पट्टीला लागायचं, आणि हा इमानेइतबारे आकडा टिपायचा.

"अहो, तुंबलेलं पाणी वर चढतं, वाहणारं वाढत नाही! तुमच्या आकड्यावरून किती वाहतं त्याचा हिशोब करतात ऑफिसात. त्यावरच वरचा बोगदा मंजूर झालाय."

बोगदा म्हणजे नदीचं 'जास्तीचं' पाणी डोंगरापलीकडच्या शहराला. तो सोमवारी सुरू व्हायचा होता. आणि इथं, पट्टीपासून हाकेच्या अंतरावर, पोरीची रोपवाटिका होती. दुकानातली नोकरी सोडून तिनं ही जागा घेतली, तीही त्यालाच विचारून. त्यानं वही उघडून दाखवली होती: बघ, चाळीसच्या खाली कधी आलीच नाही. तेव्हा स्वतःच टाकलेली पोती त्या शहाण्याला आठवलीसुद्धा नाहीत! इतकी सवय झाली होती.

गुरुवारी तो इंजिनिअरपुढे हात जोडून उभा राहिला. "साहेब, सह्या माझ्या, पण आकडे खोटे. त्या भूगर्भवाल्या बाईंना विचारा. मला हाकला, काय वाटेल ते करा, पण बोगदा थांबवा."

इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी प्यायला दिलं. "काका, तुमच्या शब्दावर बोगदा थांबत नाही. पोती काढा. त्या बाईंना रविवारपर्यंत रोज मोजू द्या, फोटो काढू द्या. मग वर पाठवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

शुक्रवारी सकाळी फूटपट्टीनं एकेक पोतं ओढून काठावर टाकलं. कंबर भरून आली, तरी थांबला नाही. पाणी भराभर उतरलं, पट्टी उघडी पडली, आणि खाली खडकांतून करंगळीएवढी धार तेवढी उरली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण आयुष्यभर काय मोजलं?

तोच वरून पोर धावत आली, हात चिखलानं भरलेले. "बाबा, पंप नुसती हवा ओढतोय! पाणी कुठं गेलं?"

त्यानं सगळं सांगितलं. एक अक्षर लपवलं नाही. ती ऐकत होती आणि काठावरच्या पोत्यांकडे बघत होती.

"म्हणजे माझा पंप इतकी वर्षं तुझ्या या डबक्यावर चालला?"

"हो गं."

"या उन्हात रोपांना दोन वेळा पाणी लागतं, बाबा. रविवारपर्यंत एक जगणार नाही. घोट्याएवढ्या रोपापासून वाढवलीत मी ती."

"आणि बोगदा झाला तर नदीच राहणार नाही. तीन दिवस कळ काढ. बाई मोजतील."

"मोजलं तर थांबेल बोगदा? नक्की?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला असा प्रश्न विचारला होता ज्याचं उत्तर वहीत नव्हतं. हो म्हणावं असं फार फार वाटलं त्याला. "माहीत नाही," तो म्हणाला.

ती रडत रडत पात्रात उतरली आणि काठावरचं एक पोतं परत जागेवर ओढू लागली. भिजलेलं पोतं, एकटीच्यानं हलेना. बाई लांबून कॅमेरा घेऊन येत होत्या. फूटपट्टीनं त्यांच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पात्रात उतरून पोत्याचं दुसरं टोक उचललं.