तिसऱ्या चौकोनात उभी केलेली मुलगी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. शाळेतल्या एकाही बाईला नाही. पांढुर्ण्यात माझी अशी मैत्रीण नाही, की जिच्याजवळ बसून बोलावं — आणि असती, तरी तिला सांगितलं असतं का? वाटत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. यात धाडस काही नाही, तेही आधीच सांगून ठेवते.

मी इथल्या एका इंग्रजी शाळेत तिसरीला शिकवते; गाव मध्य प्रदेशातलं, शाळेत मोठी माणसं हिंदीतच बोलतात. घर लोधीखेड्याला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. मी मराठी शाळेत शिकले, मग रोज बसने सौसरला जाऊन बी. ए. केलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच. पदवीच्या काळ्या झग्यातला माझा फोटो आईने टीव्हीच्या वर लावला आहे. ज्यांनी ज्यांनी मला इथवर आणलं त्यांची मी ऋणी आहे — हे वाक्य मी शाळेच्या कार्यक्रमात म्हणते, आणि मनापासून म्हणते. म्हणून तर पुढचं सांगताना जीभ अडखळते.

इंग्रजी मला उशिरा आलं. टॉल, टॉलर, टॉलेस्ट — आम्ही हे पाढ्यासारखं घोकायचो. बिगेस्टमध्ये जी दोनदा का येतो, हॅपीचा वाय जातो कुठे, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची हिंमत नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलांचं असं होऊ नये असं मला फार वाटायचं. म्हणून मी एक पद्धत काढली. फळ्यासमोर फरशीवर खडूने तीन चौकोन काढायचे. पहिल्यात उंच मूल, दुसऱ्यात त्याहून उंच, तिसऱ्यात सगळ्यांत उंच. अक्षरांची कार्डं मुलांच्याच हातात. बिगेस्ट आला की मागच्या बाकावरून दुसरा जी धावत यायचा. तो दुसरा जी व्हायला मुलं भांडायची. हॅपिएस्टच्या वेळी वायवाली मुलगी खाली बसायची आणि आयवाला मुलगा उभा राहायचा. एकदा खेळलेलं स्पेलिंग मुलं विसरत नसत. मला स्वतःचा अभिमान वाटायचा. अजूनही, थोडासा, वाटतो.

याच वर्गात आरोही होती. सुनंदाताईची मुलगी.

सुनंदाताई लोधीखेड्याला आमच्या गल्लीतलीच. माझ्याहून मोठी. मी पहिलीत गेले तेव्हा रडत होते, तर तिने हात धरून मला शाळेत नेलं, आणि पुढे कितीतरी दिवस नेत राहिली. तिची शाळा आठवीतच सुटली. लग्न होऊन ती तिगावला गेली. हंगामात ती पांढुर्ण्याला संत्र्यांच्या छाटणीच्या कामावर येते — दिवसभर बसून मोठी, मधली, बारकी फळं वेगळी करायची. मला इथे नोकरी लागल्याचं कळलं तशी ती माझ्या खोलीवर आली. म्हणाली, "बेबी, मी आरोहीले तुयाच शाळेत टाकून राहिली. तू हायेस ना तिथं, मंग मले कायची चिंता?"

बेबी हे माझं घरचं नाव. या गावात त्या नावाने मला हाक मारणारी ती एकटीच.

मी हो म्हणाले. काय म्हणणार होते? पण ती गेल्यावर मला बरं वाटलं नाही. शाळेत मी कुठून आले हे कोणाला ठाऊक नव्हतं. सौसरची आहे, एवढंच मी सांगितलं होतं, आणि वडिलांविषयी कोणी विचारलं तर "कापसाच्या लाइनमध्ये होते" म्हणायचे. खोटं नव्हतं ते. पण मी ते तसं का सांगायचे, हे मला माहीत होतं.

ॲडमिशनच्या दिवसांत आमच्या बडी मॅडम — मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बडी मॅडमच म्हणतात — नव्या पालकांना वर्गात मागे बसवून एक पाठ दाखवतात. त्या वर्षी माझा वर्ग निवडला. म्हणाल्या, स्वच्छतेवर काही घे, पालकांना आवडतं. मी क्लीन आणि डर्टी घेतलं. डर्टीसाठी तीन फडकी ठरवली होती: एक फळा पुसायचं, एक बाक पुसायचं, एक फरशीचं. तालीम छान झाली होती.

त्या सकाळी पालक येऊन बसले होते. तिगावचा ऑटो उशिरा आला. आरोही दारात थांबली, माझ्या नव्या साडीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मावशी, तू आज लय मस्त दिसून राहिली."

घरी मावशी, शाळेत मॅडम — असं तिला तिच्या आईने शिकवलेलं होतं. विसरली. आठ वर्षांचं लेकरू. मागे बसलेल्या एका बाईने हसून विचारलं, "आपकी भांजी है?"

मी म्हणाले, "नहीं नहीं. ये बच्चे तो सबको मौसी बोल देते हैं।"

मग पाठ सुरू झाला. क्लीनेस्टपर्यंत सगळं नीट झालं. डर्टीला मी कोपऱ्यात फडकी घ्यायला वळले तर तिथे काही नव्हतं. पालक येणार म्हणून शाळेतल्या कामवाल्या मावशींनी वर्ग लख्ख केला होता आणि फडकी धुवायला नेली होती. तिन्ही चौकोन रिकामे. बडी मॅडम पाहत होत्या, पालक पाहत होते.

पुष्कळ दिवस मी स्वतःला एवढंच सांगत आले — फडकी नव्हती, घाई झाली, सुचलं ते केलं. मैदानातून आलेले, गुडघ्यांना माती लागलेले दोन मुलगे मी पहिल्या दोन चौकोनांत उभे केले. ते खुशीत आले, दात काढू लागले. तिसऱ्यासाठी मी वर्गाकडे पाहिलं. आणि आरोहीचं नाव घेतलं.

तिचा शर्ट पिवळट होता, असंही मी स्वतःला सांगितलं आहे. होताच पिवळट. पण तो मळलेला नव्हता. तिगावला त्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यात पांढरा कपडा किती घासला तरी पिवळा पडतो. हे पालकांना कळलं नसेल, बडी मॅडमना कळलं नसेल. मला कळत नव्हतं? माझे स्वतःचे शाळेचे शर्ट तसेच होते. आई दगडावर घासून घासून दमायची आणि शर्ट तसाच राहायचा. त्या वर्गात एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं की ती पोर स्वच्छ आहे, आणि ते माणूस मी होते.

मग का तिलाच?

तिने मला मावशी म्हटलं होतं, म्हणून.

हेच ते. आजवर मी ते स्वतःशीसुद्धा इतक्या सरळ शब्दांत बोलले नव्हते. ती माझी कोणी नाही, हे मला त्या लोकांना दाखवून द्यायचं होतं. तोंडाने नाही म्हटलं होतं, ते मला पुरेसं वाटलं नाही.

ती आनंदाने आली. तिला वाटलं, मावशीने आपल्याला बोलावलं. तिसरा चौकोन मिळावा म्हणून मुलं धडपडायची ना — टॉलेस्ट, बिगेस्ट सगळे तिथेच उभे राहायचे. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि शब्द म्हटला. मागे लोक हसले. वाईट हेतूने हसले असं नाही. आणि आरोहीने, ताठ उभी राहून, डी-आय-आर-टी-आय-ई-एस-टी, एकही अक्षर न चुकता म्हटलं. माझ्याकडे पाहिलं. मी "व्हेरी गुड" म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत मुलांनी तिला त्याच नावाने हाक मारली. तेव्हा तिला अर्थ कळला असावा. मी व्हरांड्यात उभी होते, ऐकत होते. मी आत निघून गेले.

चार-पाच दिवस ती आली नाही. मग सुनंदाताई आली, छाटणीच्या कामावरून सुट्टी घेऊन, तशीच, डोक्याला रुमाल बांधलेला. मी तेव्हा बडी मॅडमच्या खोलीत होते. ती दारातून म्हणाली, "बेबी, पोरगी शाळेत याले नाही म्हणून राहिली वं. कोणी काही म्हटलं का तिले? काही सांगत बी नाही, नुसती अंग घासून राहिली."

बडी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा खरं बोलता आलं असतं. बडी मॅडम काही वाईट बाई नाहीत. रागावल्या असत्या, एवढंच. नोकरी गेली नसती. मी हे नंतर खूपदा तपासून पाहिलं आहे.

मी सुनंदाताईशी हिंदीत बोलले. जन्मात पहिल्यांदा. "देखिए, बच्चे आपस में चिढ़ाते हैं, मैंने उनको डाँटा है। लेकिन आप भी बच्ची को साफ़ भेजा कीजिए।"

आप म्हणाले मी तिला.

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने रुमाल सोडून हातात घेतला. तिची हिंदी कच्ची आहे, पण ती हिंदीतच बोलली. "हाँ मैडम. गलती हो गई. अब ध्यान रखेगी मैं।"

ती गेल्यावर बडी मॅडम म्हणाल्या, ऐसे लोगों को समझाना पड़ता है. मी मान हलवली.

आरोही शाळेत परत आली. पांढऱ्याशुभ्र शर्टात. पुढे आई फोनवर हसत हसत सांगत होती, "अवं, ते सुनंदा येडी झाली का काय? प्याच्या पाण्याची कॅन इकत आणते अन् त्यानं पोरीचा शर्ट धुते म्हणे." मी विषय बदलला. आईला वाटलं, मी थकले आहे.

आरोही आता वरच्या वर्गात आहे. दिसली की "गुड मॉर्निंग मॅम" म्हणते आणि थांबत नाही. त्या पाठानंतर त्या वर्षी प्रवेश चांगले झाले. माझी पद्धत बडी मॅडमना इतकी आवडली की त्यांनी सगळ्या लहान वर्गांत ते तीन चौकोन ऑइलपेंटने पक्के काढून घेतले. दर वर्षी तो धडा येतो. मी हॅपीचं उदाहरण घेते, मुलं खेळतात, हसतात. शाळा सुटली की खोलीवर येते, स्वयंपाक करते, टीव्ही लावते. कोणी येत नाही. सुनंदाताई हंगामात अजून पांढुर्ण्याला येते, पण खोलीवर येत नाही.

मागच्या महिन्यात मी घरी जायला बसमध्ये चढले. गर्दी होती. पुढच्या बाकावर सुनंदाताई बसलेली, बहुतेक माहेरी निघालेली, मांडीवर पिशवी. मला पाहून ती उठली. "बसा मॅडम," म्हणाली. ते टोचून बोलणं नव्हतं, तसं असतं तर मला पेललं असतं. ती खरंच जागा देत होती, जशी कोणत्याही मॅडमला दिली असती. माझ्या ओठांवर ताई आलं होतं. बस सुरू झाली. कंडक्टर म्हणाला, बैठो मैडम, बैठो.

मी बसले. लोधीखेड्यापर्यंत ती माझ्याशेजारी दांडा धरून उभी होती.