पक्का म्हटलं की पाच उठाबशा

सन २०२५, जानेवारी-फेब्रुवारी. रायपुरात सकाळी नऊ वाजेपर्यंत स्वेटर उतरत नव्हता, तेव्हाच्या या गोष्टी. दर रविवारी एक घडायची. आता सांगायला बसलो की मागची संपत नाही तोच पुढची ढकलते!

माझी सून वैशाली प्राथमिक शाळेत शिकवते. परीक्षेआधी पाचवीच्या सात-आठ पोरांची विज्ञानाची उजळणी ती तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी, पडवीत घेते. पुस्तक बंद, प्रयोग चालू. मी स्वतः चौथी पास. पण वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात अडतीस वर्षं फिटर होतो. लोखंडाबद्दल मला कोणी शिकवू नये.

तिचा नियम असा, आधी अंदाज सांगा, मग करून पाहा. मी त्यात भर घातली. अंदाज फुकट. पण ‘पक्का’ म्हटलं आणि चुकलं, तर कान धरून पाच उठाबशा.

“बाबा, लहान आहेत हो पोरं!”

“जबान लहान नसते,” मी म्हणालो.

*

पहिल्या रविवारी वैशालीने चहाच्या कागदी कपात पाणी भरलं आणि कप चिमट्यात धरून मेणबत्तीवर नेला.

दामिनी नावाची दोन वेण्यांची पोट्टी ताडकन उठली. “जल जाएगा. पक्का!”

माझंही तेच मत. मी बादली भरून आणली.

कप जळेना! बुडाला काजळी धरली, पाणी वाफाळलं, कागद शाबूत. मी बादली धरून उभाच!

दामिनीने कोणी न सांगता पाच उठाबशा काढल्या. मग कपात डोकावून म्हणाली, “दादाजी, चायपत्ती लाऊँ?”

*

मग मूग. ओल्या कापसावर मूग पसरून एक वाटी खिडकीत ठेवली, एक कपाटात अंधारात. आठवड्याने फरक पाहायचा होता.

रविवारी कपाट उघडलं. वाटी घासूनपुसून पालथी!

“मोड मस्त आले होते,” माझी बायको कमल शांतपणे म्हणाली. “काल तुमच्या उसळीत टाकले. काहून, मोजून ठेवले होते का?”

दामिनीने वहीत लिहिलं, ‘अँधेरे वाले मूँग दादाजी के पेट में. वहाँ भी अँधेरा है.’

*

तिसऱ्या रविवारी चुंबक. घरात काय काय चिकटतं ते शोधायचं होतं. दामिनी सरळ माझ्या शोकेसपाशी गेली. तिथे निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं पितळेचं इंजिन आहे. साहेबांनी भाषणात तीनदा ‘पितळ’ म्हटलं होतं.

“ते चिकटणार नाही,” मी बजावलं. “पक्का.”

टक्!

वरून पॉलिश, आत लोखंड! चौदा वर्षं मी ते दर दिवाळीला चिंच लावून घासत होतो!

“दादाजी, पाँच,” दामिनी म्हणाली.

“आज गुडघा दुखून राहिला,” मी म्हणालो. “पुढच्या रविवारी.”



*

पुढच्या रविवारी मी उठाबशांचं नावही काढलं नाही. पोरंही गप्प. वैशाली विचारत होती, कोणी अंदाज सांगेना. दोन प्रयोग असेच सुतकात गेले.

“काय झालं रे?” मी दरडावलं.

दामिनीने मान वर केली. “आप तो करते नहीं, दादाजी.”

अडतीस वर्षांत माझ्या शब्दावर कोणी बोट ठेवलं नव्हतं! त्या रात्री जेवण गेलं नाही.

“एवढ्याशा पोट्टीला घाबरले काय?” कमल म्हणाली.

*

पाचव्या रविवारी वैशालीने रात्रभर पडवीत ठेवलेला लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट पुढे ओढले.

“हात लावा. जास्त थंड काय?”

तव्याला हात लागताच पोरं कुडकुडली. पोळपाट त्यामानाने ऊबदार.

“आता दोन्हींवर बर्फाचा एकेक खडा ठेवते. आधी कोणता वितळेल?”

मी उठलो. लोखंडाचा विषय! थंडीच्या सकाळी हाताची कातडी चिकटेल असं लोखंड मी उचललं आहे.

“पोळपाटावरचा. तव्यावरचा शेवटपर्यंत टिकेल. पक्का! चुकलो तर मागच्या पाच आणि आजच्या पाच.”

“पक्का?” दामिनीने विचारलं.

“बोललो ना एकदा!”

वैशालीने खडे ठेवले. सगळे गुडघ्यांवर वाकले.

तव्यावरचा खडा बघता बघता घसरू लागला. अर्धा झाला. हरभऱ्याएवढा झाला. पाणी झाला! पोळपाटावरचा खडा होता तसाच बसून होता.

मी तव्याला पुन्हा हात लावला. बर्फगार!

“दुसरे खडे आण,” मी वैशालीला म्हणालो. तिने आणले. मी स्वतःच्या हाताने ठेवले, जागा बदलून. तेच झालं!

“बाबा, लोखंड हाताची ऊब झटकन ओढतं आणि बर्फाला तशीच झटकन देतं,” वैशाली म्हणाली. कमल दारात येऊन उभी राहिली.

मी चष्मा काढून दामिनीच्या हातात दिला. धोतर खोचलं. कान धरले.

“मोज,” मी म्हणालो.

“एक,” दामिनी म्हणाली. तिसऱ्यापासून सगळी पोरं मोजू लागली. सातव्याला गुडघा कडकन वाजला. वैशाली पुढे आली. मी तिला डोळ्यांनीच थांबवलं.

आठ. नऊ.

दहा.