कुंकू लावलेली काडतुसं

रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, केळीवाल्यांच्या एका गावात गिरधर आबाकडे दुनळी बंदूक होती. पिकात रानडुकरं शिरतात म्हणून वडिलांनी परवाना काढलेला, तो पुढे आबाच्या नावावर झाला. अख्ख्या गावात एकच बंदूक, मग काय विचारता! आबा चावडीवर आला की आधी जागा व्हायची आणि मग राम राम. माणूस वाईट नव्हता, पण बंदुकीचा तोरा होता खरा. आणि ती उडवायची म्हटलं की याचा जीव जायचा. "काडतूस म्हणजे काय लवंगी फटाका आहे? वेळेला लागतं ते," म्हणायचा.

चौऱ्याहत्तर साली त्यानं जळगावहून वीस काडतुसं आणली होती. दुकानदारानं चांगलं बजावलं होतं, कोरड्या जागी ठेवा, तेलापाण्यापासून लांब ठेवा, आणि आठ-दहा वर्षांत वापरून टाका, नंतर भरवसा नाही. आबानं मान डोलावली आणि दुकानाची पायरी उतरता उतरता सगळं विसरला. काडतूस शिळं होतं म्हणजे काय, ती काय भाकर आहे?

आता याची निगा राखायची रीत ऐका. दर खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं धुऊनपुसून पाटावर यायची. विळे, कुऱ्हाडी, मधोमध बंदूक, आणि तिच्यापुढे ओळीनं काडतुसं, पितळी बूड वर करून उभी. त्या बुडाच्या मध्यावर एक बारकी टोपी असते. बंदुकीचा घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते आणि काडतूस उडतं. ती टोपी दिसते अगदी बाईच्या कपाळावरच्या टिकलीएवढी. झालं! कुंकू लावायला आबाला दुसरी जागा सुचणार कशी? आधी गोड्या तेलाचा थेंब, मग हळद, मग कुंकू, नेमकं टोपीवरच. चौदा खंडेनवम्या, एकही न चुकवता. बायको झुंबरबाई पाट मांडायची, आबा बोट टेकवायचा आणि दोघांनाही समाधान वाटायचं. काय बोलावं अशा भाबडेपणाला!

आबाचा धाकटा भाऊ कौतिक, त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. तो एकदा भीत भीत म्हणाला, "भाऊ, दरसाली दोन तरी उडवून पाहाय ना. नाही तर चाल, जळगावले जाऊ, नवीन घेऊन येऊ."

आबा भडकलाच. "पूजेतल्या वस्तूवर शंका घेतो का तू?"

कौतिकनं पुन्हा तो विषय काढला नाही. थोरल्या भावाचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात, सकाळी आठच्या सुमारास, सालदार गडी भिकन धापा टाकत आला. केळीच्या बागेत डुक्कर शिरलं होतं, भलं दांडगं, सुळेवालं. आबानं बंदूक घेतली, छाती फुगवली, दोन काडतुसं अंगठ्यानं दाबून दाबून भरली, चार खिशात टाकली. कौतिक पलीकडून पत्र्याचा डबा बडवत जनावर हाकलणार आणि आबा बांधावरून टिपणार, असं ठरलं. पण डुक्कर बांधाकडे आलंच नाही. ते गर्रकन वळलं आणि कौतिकवरच धावलं. कौतिक मागे सरला तो पाण्याच्या चारीत पाय घसरून पडला.

आबा वीस पावलांवर होता. डुकराची अख्खी कूस समोर. त्यानं नेम धरला, चाप ओढला. खट. दुसऱ्या नळीचा ओढला. खट. बस्स, एवढंच. आबानं बंदूक मधून उघडली, तर आतली काडतुसं निघेनात. कागदी अंग वर्षानुवर्षांच्या ओलीनं फुगून नळीत घट्ट बसलेलं. तो नखं लावून ओढत राहिला. तेवढ्यात भिकननं केळीला टेकू दिलेला बांबू उपसला आणि धावत जाऊन डुकराच्या तोंडावर घातला. जनावर पळालं. पण कौतिकची मांडी फाटली होती. जळगावच्या दवाखान्यात आठव्या दिवशी पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

गाव म्हणालं, नशीब. आबाही म्हणाला, नशीब. कुणाला दोष नको होता, तेव्हा तो शब्द बरा पडला.

पुढे चार वर्षांनी गावातल्या एका लग्नाला धुळ्याहून एक म्हातारा पाहुणा आला, पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करण्यात उभा जन्म गेलेला. आबानं त्याला उरलेली काडतुसं दाखवली. म्हाताऱ्यानं एक उचललं, हिरवट पडलेलं पितळ नखानं खरवडलं, वास घेतला.

"आबा, हाई बठ्ठं, सगळंच्या सगळं, मरी गयं शे. तेल कोनी लायं?"

"तेल?"

"टोपीवर तेल मुरलं की आतली दारू मरते हो. लेकराला बी ठाऊक असतं."

"वडील लावायचे," आबा म्हणाला. मेलेल्या बापावर खोटं घातलं! काडतुसं आणली तेव्हा बाप जाऊन तीन वर्षं झाली होती. आबाला स्वतःचीच इतकी शरम वाटली की तो पंगतीतून अर्ध्या जेवणावर उठला.

दोन दिवस तो जळत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी कौतिकच्या ओट्यावर गेला. कौतिक कुबड्या बाजूला ठेवून दोर वळत बसला होता. आबानं सगळं सांगितलं. दुकानदाराचं बजावणं, तेल, कुंकू, बापाच्या माथी मारलेलं खोटं, काही म्हणून लपवलं नाही. "तुह्या पायाचा गुन्हेगार मी आहे. मले काय शिव्या द्यायच्या त्या दे."

कौतिकनं दोर खाली ठेवला.

"काडतुसं मेलेली होती ते मले तवाच समजलं, भाऊ. खट खट मी बी ऐकलं होतं. त्याचा राग नाही माह्या मनात."

"मंग?"

"मी तुले तीनदा हाक मारली. तू खाली मान घालून काडतूस उपसत होता. भिकन परका माणूस, पण तो बांबू घेऊन धावला." कौतिकनं दोर पुन्हा हातात घेतला. "तुह्या हातात बंदूक नसती ना, भाऊ, तर तूच आधी आला असता."

आबा आठवून पाहू लागला. नळीत अडकलेलं काडतूस आठवलं, नखातून आलेलं रक्त आठवलं. हाक मात्र त्याला एकही आठवेना.